दोघंही थॅलेसेमिया मायनर निघालो, नववा आठवडा चालू आहे. कुणी यातून गेलंय का?

पाऊसपाणी · सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, लिहायची वेळ आज आली.

वय २९, वारज्याला राहतो, लग्नाला तीन वर्षं झाली. नववा आठवडा चालू आहे. माझं हिमोग्लोबिन शाळेपासून कमी. कधी ९.८, कधी १०.२, त्याच्या वर कधी गेलंच नाही. माहेरी बाबांचं तसंच, आत्याचंही तसंच. "आमच्या घराण्यातच रक्त कमी" असं आई सगळ्यांना सांगायची आणि विषय तिथेच संपायचा. खजूर, बीट, लोखंडी कढईतली पालेभाजी, हळिवाचे लाडू, लोहाच्या गोळ्या, सगळं करून झालं. लग्नानंतर ज्या दवाखान्यात जात होते तिथे तर दोनदा लोहाची सलाइन लावली. आकडा तसूभर हलला नाही आणि का हलत नाही हे कुणी बघितलं नाही.

दिवस राहिल्यावर मैत्रिणीने सांगितलेल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझा सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) जुना कागद घेतला आणि हिमोग्लोबिनपाशी न थांबता पेन खाली सरकवलं. आरबीसी, म्हणजे लाल पेशींची संख्या, ५.५. एमसीव्ही, म्हणजे पेशीचं आकारमान, ६२. दोन्हीखाली रेघ ओढली. म्हणाल्या, "हिमोग्लोबिन कमी आहे, पण पेशी भरपूर आहेत आणि फार लहान आहेत. लोह कमी असतं तर पेशींची संख्याही सहसा इतकी राहत नाही. मिस्टरांचा सीबीसी कधी झालाय का?" नवऱ्याच्या मोबाईलमध्ये ऑफिसच्या हेल्थ चेकअपची पीडीएफ होती. आरबीसी ६.१, एमसीव्ही ६५. त्याचं हिमोग्लोबिन १२.८, त्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्ष जायचं कारणच नव्हतं. डॉक्टर त्या स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिल्या, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

दोघांची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजायची रक्ततपासणी, केली. हिमोग्लोबिन ए-टू माझं ५.४, त्याचं ५.१. साडेतीनच्या वर असलं की बीटा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे नुसते वाहक. आम्हा दोघांना काहीही आजार नाही, होणारही नाही. पण बाळाला आमच्या दोघांकडूनही तोच बिघडलेला जीन मिळाला तर मेजर. दर खेपेला ती शक्यता २५ टक्के. ५० टक्के आमच्यासारखं मायनर, उरलेले २५ टक्के काहीच नाही. मेजर म्हणजे दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, जन्मभर, आणि त्या रक्तातून शरीरात साठणारं लोह काढायला रोजची औषधं.

पत्रिका बघितली होती. २९ गुण जुळले होते.

आमचं म्युटेशन, म्हणजे जीनमधला नेमका बिघाड, शोधायला रक्त पाठवलंय. ते सापडलं की बाराव्या आठवड्यात सीव्हीएस (वारेचा तुकडा काढून बाळाची तपासणी) करायची असं ठरलंय. घरी अजून काही बोललो नाही. अहो आई पुढच्या आठवड्यात चोरओटी भरायची म्हणतायत. सीव्हीएस केलेल्या कुणाचा अनुभव असेल तर कृपया लिहा. किती दुखतं, बाळाला किती धोका, रिपोर्ट किती दिवसांत येतो. आणि घरी कसं सांगितलंत, तेही.


निशिगंध · सोमवार, रात्री ११:५८

मी दोनदा केलीये. उद्या सकाळी सविस्तर लिहिते. आत्ता एवढंच, तुम्हाला नवव्या आठवड्यात कळलंय, हातात वेळ आहे. झोपा.


मुळामुठा · मंगळवार, सकाळी ७:१५

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये १४ वर्षं काम करतोय. धागा वाचून राहवलं नाही. दिवसाला कितीतरी सीबीसी हाताखालून जातात. लहान पेशी आणि संख्या मात्र जास्त, हे चित्र मशीन स्वतःच छापून देतं. एमसीव्हीला आरबीसीने भागायचं. १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्यायचा, वर गेलं तर लोहाची कमतरता जास्त संभवते. ताई, तुमचं ६२ भागिले ५.५, म्हणजे ११ च्या आसपास. मिस्टरांचंही तेवढंच. हा नुसता अंदाज बांधायचा हिशेब आहे, निदान नव्हे, पण पाच सेकंदांत होतो.

वाचणाऱ्यांनी आज घरातला कुठलाही जुना सीबीसी काढून बघा. एमसीव्ही ८० च्या खाली किंवा एमसीएच (एका पेशीतलं हिमोग्लोबिन) २७ च्या खाली असेल तर एचपीएलसी करून घ्या. काही शे रुपयांची टेस्ट आहे, आयुष्यात एकदाच करायची.

दोन गोष्टी सांभाळा. शरीरात लोह फारच कमी असेल तर ए-टू खोटं कमी दिसू शकतं, म्हणून काठावरचा आकडा आला की फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघून, लोह भरून काढून पुन्हा तपासतात. आणि गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर रिपोर्टवर विसंबू नये, कारण मशीन दात्याचंही रक्त मोजतं. मायनर असलेल्यांनी फेरिटिन न बघता वर्षानुवर्षं लोह घेत राहू नये, त्यांना बऱ्याचदा त्याची गरजच नसते. मायनर बाईला लोह खरंच कमी असूही शकतं, तेव्हा ते द्यावंच लागतं. आधी मोजा, मग द्या.


निशिगंध · मंगळवार, सकाळी १०:२०

पहिल्या वेळी आम्हाला तेराव्या आठवड्यात कळलं. म्युटेशनचा रिपोर्ट यायला दिवस गेले, सीव्हीएस धावपळीत झाली. बाळ मेजर निघालं. पंधराव्या आठवड्यात आम्ही थांबायचा निर्णय घेतला. त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही.

दुसऱ्या वेळी म्युटेशन हातात होतं. अकरा आठवडे पूर्ण झाल्यावर लगेच तारीख घेतली. आदल्या दिवशी फॉर्म भरून घेतात. संमतीचा फॉर्म मराठीत मागा, तुम्हाला समजेल त्या भाषेत देणं आणि त्याची प्रत देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. टेबलावर झोपवून आधी नीट सोनोग्राफी, मग पोटावर भूल द्यायची सुई. ती मुंगी चावल्यासारखी. नंतरची लांब सुई आत जाताना दुखण्यापेक्षा दाब जास्त जाणवतो. स्क्रीनवर सुईची चमकती रेघ दिसत होती आणि तिच्यापासून दूर बाळ हात हलवत होतं. सुई बाळापर्यंत जातच नाही, वारेचा बारीकसा तुकडा घेतात. सिरिंज मागेपुढे चारपाच वेळा ओढली आणि काढलेलं एका काचेच्या ताटलीत सोडलं. गुलाबी पाण्यात पांढरे, फांद्या फुटलेले धागे, विहिरीतल्या शेवाळासारखे. डॉक्टर म्हणाल्या, "पुरेसं आहे." सगळं मिळून दहा मिनिटं.

अर्धा तास पडून राहिले. त्या दिवशी पाळीत दुखतं तसं दुखलं. दोन दिवस जड काम नाही. गर्भपाताचा धोका अनुभवी हातांत एक टक्क्याहून कमी, असं सांगितलं होतं. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर आधीच सांगा, नंतर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं.

आमचा नमुना मुंबईला परळच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत जायचा होता, आधी बोलून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी नवरा बर्फाची पेटी मांडीवर घेऊन सव्वासातच्या डेक्कन क्वीनने गेला. शेजारच्याने विचारलं, "मासे का?" तर तो नुसता हो म्हणाला. घरी येऊन मला हे सांगताना रडला.

दहा दिवसांनी फोन आला. मायनर. लेक आता चार वर्षांची आहे, बालवाडीत जाते.

घरी सांगण्याबद्दल: आम्ही पहिल्या वेळी नाही सांगितलं आणि ते चुकलं. सगळं उरकल्यावर सांगावं लागलं, तेव्हा सासरे इतकंच म्हणाले, "आम्ही होतो की गं इथे." तुम्ही आत्ताच सांगा.


ओंकारेश्वर · मंगळवार, दुपारी १:०५

वय ६४, मुलीचं लग्न जमवतोय. ताईंच्या पत्रिकेच्या वाक्याने सकाळपासून अस्वस्थ आहे. आम्हीही गुण बघतोय, एकनाड आली म्हणून दोन चांगली स्थळं सोडली. बरेच लोक सांगतात की एकनाड म्हणजेच जीन्सचं शास्त्र. कुणी सांगतं दोघांचा रक्तगट एकच नको. यातलं खरं काय ते जाणकारांनी सांगावं.

आणि मनातली भीतीही लिहितो. मुलीची तपासणी केली, ती मायनर निघाली, आणि हे चार घरी कळलं, तर तिचं लग्न जमेल का?


पानशेत · मंगळवार, दुपारी ४:३०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, ३० वर्षं प्रॅक्टिस पुण्यातच. ओंकारेश्वर काका, तुमच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो बोलून दाखवायला धैर्य लागतं.

नाडी जन्मनक्षत्रावरून ठरते. भाऊ-बहीण एकाच आईबापांचे असून त्यांची नक्षत्रं वेगळी असतात, म्हणून नाडीही वेगळी येऊ शकते. जीन्स मात्र निम्मे सामाईक. तेव्हा नाडीवरून जीन्स कळत नाहीत. दोघांचा रक्तगट एकच असल्याने मुलांना काहीही होत नाही. बघायचं ते आरएच, म्हणजे रक्तगट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तर अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी द्यायचं, एवढंच. त्यासाठी स्थळ सोडायचं नसतं.

मुलगी मायनर निघाली तरी ती पूर्ण निरोगी आहे. जोडीदाराची एचपीएलसी नॉर्मल असेल तर त्यांना मेजर मूल होणार नाही. फक्त त्या रिपोर्टमध्ये त्याला मायनर, किंवा सिकल सेल, हिमोग्लोबिन ई हे हिमोग्लोबिनचे दुसरे दोष नाहीत ना, हे बघायचं. भारतात दर शंभरांत तीन-चार जण बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत. सिंधी, पंजाबी, गुजराती, बंगाली समाजांत प्रमाण जास्त, म्हणून सिंधी वस्तीच्या पिंपरी कॅम्पात तपासणी शिबिरं होतात आणि आपल्याला वाटतं की हा त्यांचा आजार. माझ्याकडे आलेल्या जोडप्यांत देशस्थ, मराठा, माळी, कोकणस्थ, सगळे होते. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या आदिवासी भागांत सिकल सेल जास्त. त्यासाठी १ जुलै २०२३ पासून केंद्राची मोहीम सुरू आहे, ४० वर्षांखालच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. तिकडून शिकायला, नोकरीला पुण्यात आलेल्या मुलामुलींनी इथेही ही तपासणी करून घ्यावी.

सायप्रसमध्ये लग्नाआधी ही तपासणी झाल्याचा दाखला लागतो. तिथे आता मेजर बाळं क्वचितच जन्माला येतात. आणि दोघंही वाहक निघालेली बहुतेक जोडपी लग्न मोडत नाहीत. लग्न करतात आणि वेळेवर तपासणी करतात.

पाऊसपाणी, तुमच्या डॉक्टरांनी रेघा ओढल्या ते अगदी बरोबर केलं. आधीच्यांनी बघायला हवं होतं. आमच्या क्षेत्रात ही चूक होते हे मी मान्य करते, आणि मला ती फार लागते.


सोनचाफा · मंगळवार, संध्याकाळी ६:१२

ताई, काळजी घ्या. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझा डबल मार्कर (गरोदरपणात धोक्याचा अंदाज बांधणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलाय, डाउन सिंड्रोमची रिस्क १:१२०. रिपोर्टवर लाल अक्षरांत 'हाय रिस्क' छापलंय. वय ३१. तीन दिवस जेवण जात नाहीये. एनआयपीटी केली की सगळंच कळतं ना? थॅलेसेमियासुद्धा?


पानशेत · मंगळवार, रात्री ९:४५

नाही. आणि हा गैरसमज इतका पसरलाय की जरा सावकाश लिहिते.

आधी तुमचा आकडा. १:१२० म्हणजे तुमच्यासारखा रिपोर्ट आलेल्या १२० जणींपैकी ११९ जणींच्या बाळांना डाउन सिंड्रोम नसतो. लाल अक्षरं छापखान्याची आहेत, तुमच्या बाळाची नाहीत. आज जेवा.

आता हिशेब. १ लाख गर्भवती धरा, ज्यांचा मूळ धोका हजारात एक. म्हणजे १०० बाळांना डाउन सिंड्रोम आहे. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजणारी सोनोग्राफी) आणि डबल मार्कर एकत्र केलं तर त्यातली ९० च्या आसपास सापडतात. पण उरलेल्या जवळजवळ १ लाखांपैकी ५ टक्क्यांनाही पॉझिटिव्ह येतं, म्हणजे ५ हजार बायकांना. ५,०९० जणींच्या हातात लाल रिपोर्ट आणि खरी बाळं ९०. चाळणी अशीच बांधलेली असते, भोकं मुद्दाम बारीक ठेवलेली, की दाणा निसटू नये. एनआयपीटीची चाळणी फार चांगली. तीच १ लाख घेतली तर १०० पैकी ९९ सापडतील आणि खोटं पॉझिटिव्ह हजारात एक धरलं तर १०० जणींना येईल. म्हणजे तिथेही पॉझिटिव्ह आलेल्यांत निम्म्या निम्म्या. म्हणून नुसत्या एनआयपीटीवर गर्भपाताचा निर्णय कधीही घ्यायचा नाही. पक्कं निदान सीव्हीएस किंवा सोळाव्या आठवड्यानंतरच्या ॲम्निओसेंटेसिसनेच (गर्भजलाच्या तपासणीनेच).

एनआयपीटीत आईच्या रक्तात तरंगणारे वारेचे डीएनएचे तुकडे मोजतात. दहाव्या आठवड्यापासून करता येते. मुख्यतः २१, १८ आणि १३ क्रमांकांची गुणसूत्रं जास्त आहेत का ते कळतं. नेहमीच्या एनआयपीटीत थॅलेसेमिया कळत नाही, बाळाच्या हृदयाला भोक आहे का, पाठीचा कणा नीट मिटलाय का, हेही नाही. त्यासाठी १८ ते २० आठवड्यांची ॲनोमली स्कॅन चुकवायची नाही. एनआयपीटी केली म्हणून स्कॅन टाळलेली एक बाई माझ्याकडे सातव्या महिन्यात आली होती, म्हणून इतकं बजावून लिहितेय.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत: एनआयपीटी, किंवा थेट निदानाची टेस्ट. एनटी किती मिलिमीटर आली, नाकाचं हाड दिसलं का, यावर ठरेल. एनटी जाड असेल तर एनआयपीटीत वेळ घालवू नका.


अंगणवेल · मंगळवार, रात्री ११:२०

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. तो झाला तेव्हा मी २६ ची होते. माझा डबल मार्कर 'लो रिस्क' होता, १:१४००. दहातलं एक बाळ चाळणीतून निसटतं, ते माझं. तेव्हा लो रिस्क म्हणजे धोका नाही असं समजू नका, एवढं एक सांगायचं होतं. पस्तिशीनंतर धोका वाढतो हे खरं, विशीत दीड हजारात एक, पस्तिशीला साधारण साडेतीनशेत एक, चाळिशीला शंभरात एक. पण बाळंतपणं तरुण वयातच जास्त होतात, म्हणून अशी बरीच मुलं माझ्यासारख्या तरुण आयांनाच होतात.

दुसरं सांगायला जास्त वेळ लागेल. सोनचाफा, तुम्ही ठरवाल ते तुमचं. मी कुणालाही काय करावं सांगणार नाही. पण ठरवण्याआधी अशा मुलाच्या घरी एकदा जाऊन या, हे मात्र सांगेन. मला दवाखान्यात कागदावर लिहून दिलं होतं, 'मतिमंदत्व, हृदयविकार'. दोन शब्द. माझ्या मुलाच्या हृदयाला भोक होतं, सातव्या महिन्यात ऑपरेशन झालं. थायरॉइडची गोळी चालू आहे. बोलायला पाच वर्षं लागली. हे सगळं खरं आहे आणि सोपं नव्हतं. रोज संध्याकाळी तो ताटं मांडतो. एकेक ताट ठेवताना माणसाचं नाव घेतो, "आजी, बाबा, आई, मी". आजोबा गेले त्याला दोन वर्षं झाली, अजून त्यांचंही नाव घेऊन थांबतो, मग माझ्याकडे बघतो आणि ते ताट परत रॅकमध्ये ठेवतो. हे त्या कागदावर नव्हतं.

नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत १ लाखापर्यंतचं आरोग्य विम्याचं संरक्षण मिळतं, ज्यांना माहीत नाही त्यांनी चौकशी करा. आम्हाला पाच वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं. आणि दुसऱ्या खेपेआधी मुलाचं कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) करून घ्या. बहुतेक मुलांत २१ क्रमांकाचं एक सुटं गुणसूत्र जास्त असतं. पण शंभरात तीन-चार मुलांत ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं, तेव्हा आईबाबांचंही तपासावं लागतं.


सोनचाफा · बुधवार, सकाळी ८:०३

अंगणवेल ताई, वाचून खूप वेळ नुसती बसून राहिले. काल रात्री जेवले. एनटी १.४ आहे, नाकाचं हाड दिसलंय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.


माणदेशी · बुधवार, सकाळी ११:३०

मी आटपाडीचा, हिंजवडीत नोकरीला. दिवाळीनंतर लग्न ठरलंय, मामाच्या मुलीशी. आमच्याकडे हीच पद्धत, लहानपणापासून सगळे तसंच म्हणत आले आणि आम्हा दोघांनाही ते मनापासून हवंय. इथे विचारायला लाज वाटत होती, कारण शहरातले लोक लगेच नावं ठेवतात. आम्ही काय तपासावं?


पानशेत · बुधवार, दुपारी ३:५०

लाज कशाला? तुम्ही लग्नाआधी विचारताय, हे माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना सुचत नाही.

मामे-आते भावंडांत साधारण एक अष्टमांश जीन्स सामाईक असतात. प्रत्येक माणूस काही बिघडलेले जीन्स गुपचूप बाळगून असतो, जोडीची दुसरी प्रत चांगली असल्यामुळे त्रास होत नाही. नात्यात लग्न झालं की दोघांनाही आजोबा-आजीकडून तीच बिघडलेली प्रत आलेली असण्याची शक्यता वाढते. कुठल्याही जोडप्याला जन्मजात दोषाचा धोका दोन-तीन टक्के असतोच. सख्ख्या मामे-आते भावंडांत तो साधारण दुप्पट होतो. म्हणजे शंभरातली ९४-९५ बाळं तरीही ठीक असतात. पण तुमच्या घराण्यात आधीच्या पिढ्यांतही नात्यातच लग्नं झाली असतील तर हा आकडा वाढतो.

आधी जेनेटिक काउन्सेलरकडे जा. रास्ता पेठेतल्या केईएममध्ये जेनेटिक्सचा विभाग आहे, मोठ्या खासगी रुग्णालयांतही असतात. जाताना आजीला विचारून तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढून न्या. कोण लहानपणी गेलं, कुणाला चालता येत नव्हतं, कुणाला ऐकू येत नव्हतं, कुणाचे वारंवार गर्भपात झाले. घरात "देवीने नेलं", "बाहेरची बाधा" असं म्हणून झाकलेल्या गोष्टी असतात, त्याच विचारायच्या. दोघांची एचपीएलसी, एसएमएची (स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजाराची) वाहक तपासणी, आणि परवडत असेल तर विस्तारित वाहक पॅनेल, म्हणजे एकदम अनेक आजारांची वाहक तपासणी. ज्या एसएमएच्या सोळा कोटींच्या इंजेक्शनसाठी वर्गणीची आवाहनं फिरतात, त्याचे वाहक साधारण पन्नासांत एक असतात आणि त्यांना स्वतःला काहीच होत नाही.

पॅनेलमध्ये कधी 'अर्थ निश्चित नाही' असा बदल निघतो. तेवढ्यावरून कुणीही काहीही ठरवू नये.


पाऊसपाणी · शुक्रवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. म्युटेशनचा रिपोर्ट आला. दोघांचंही एकच, आयव्हीएस १-५. भारतात सगळ्यात जास्त आढळणारं. ठरल्याप्रमाणे बाराव्या आठवड्यात, गुरुवारी सीव्हीएस.

परवा घरी सांगितलं. निशिगंध, तुमच्या सासऱ्यांचं वाक्य डोक्यात घेऊनच बसले होते. अहो आई आधी म्हणाल्या, "आमच्याकडे कुणालाच नाही असं काही." मग गप्प झाल्या. रात्री भांडी आवरताना म्हणाल्या की त्यांच्या धाकट्या भावाचं एक मूल दीड वर्षाचं होऊन गेलं होतं, पांढरंफटक पडायचं, पोट फुगलेलं असायचं, गावातल्या डॉक्टरांनी कावीळ म्हणून सांगितलं. चाळीस वर्षांत हे नाव घरात निघालं नव्हतं. चोरओटी पुढे ढकलली, त्यांनी स्वतःहूनच.

एक विचारायचं होतं. रिपोर्ट वाईट आला तर कायद्याने काय, आठवडे किती?


पानशेत · शुक्रवार, रात्री ११:०२

तुमच्या बाबतीत चौदाव्या आठवड्याच्या आत उत्तर हातात असेल, कायद्याची अडचण येणार नाही. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं, २४ पर्यंत ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचं. गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यानंतरही मेडिकल बोर्ड परवानगी देऊ शकतो. पुण्यात ससूनला बोर्ड बसतो. नियमांप्रमाणे बोर्डाने तीन दिवसांत मत द्यायचं असतं. २००८ मध्ये मुंबईचं एक जोडपं बाळाच्या हृदयातल्या दोषासाठी उच्च न्यायालयात गेलं आणि विसाव्या आठवड्याच्या मर्यादेमुळे त्यांना नकार मिळाला. त्या दिवसांत मी प्रॅक्टिस करत होते. उशिरा दोष सापडलेल्या आयांना काहीच सांगता येत नसे.

सीव्हीएसच्या वेळी मुलगा-मुलगी कुणी सांगणार नाही, विचारूही नका. लिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४ चा. हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी तपासणीला मात्र त्याच कायद्यात स्पष्ट परवानगी आहे. फॉर्म जास्त भरायला लागले तर कंटाळू नका.


निशिगंध · गुरुवार, दुपारी १२:४०

आज आहे ना? आठवण येतेय. झालं की फक्त एक टिंब टाका.


पाऊसपाणी · गुरुवार, संध्याकाळी ५:२५

.

झालं. शेवाळासारखे धागे मीही बघितले.


सोनचाफा · शनिवार, दुपारी २:१०

माझी एनआयपीटी लो रिस्क आली. ॲनोमली स्कॅनची तारीख घेतलीये, ती नक्की करणार. काल अंगणवेल ताईंकडे जाऊन आले. माझ्यासाठी पण ताट मांडलं त्याने, नाव विचारून.


पाऊसपाणी · रविवार, रात्री ९:५०

काल फोन आला. बाळ मायनर आहे, आमच्यासारखंच. फोन ठेवल्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही, तो नुसता गॅलरीत जाऊन उभा राहिला. अहो आईंनी देवापुढे साखर ठेवली.

नणंदेचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय. माझा नवरा मायनर, म्हणजे सासू-सासऱ्यांपैकी एकाला तरी आहे, आणि एकालाच असेल तरी तिला असण्याची शक्यता निम्मी. मी विषय काढायच्या आधी अहो आईंनीच काढला. आज सकाळी तिघांनी रक्त दिलं, सासू, सासरे आणि ती. तिचा होणारा नवरा उद्या देणार आहे. त्याच्या आईने फोनवर विचारलं, "कशासाठी?" तर अहो आई म्हणाल्या, "नातवंडांसाठी हो." पुढे त्यांनी स्वतःच सगळं समजावून सांगितलं, २५ टक्क्यांसकट.

माझ्या आत्याची मुलगी नाशिकला आहे, तिलाही कळवलंय.


ओंकारेश्वर · रविवार, रात्री १०:३०

फार बरं वाटलं, मुली. आम्हीही उद्या लेकीला घेऊन जातोय. जे कागद पुढच्या स्थळांना दाखवू त्यात हा रिपोर्ट लावायचं ठरवलंय, आणि त्यांच्याकडूनही मागणार. उपाशीपोटी जावं लागतं का?


पाऊसपाणी · रविवार, रात्री १०:४१

नाही काका, लागत नाही. नणंद पोहे खाऊनच गेली होती.